वेशीवरचा फलक आणि डॉक्टरची पदवी

यंदा गणपतीच्या सुमारास आमच्या गावच्या वेशीवर एक मोठा फलक चढला. एका कुणबी घरचा मुलगा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाला, त्याच्या अभिनंदनाचा तो फलक. हलगी वाजली, पेढे वाटले गेले, मुलाला फेटा बांधून गावभर फिरविले. मुलगा आमच्याच शाळेचा. फलकाचा मजकूरही त्याच्या बापाने आमच्याकडूनच लिहवून घेतला. आम्ही गुण लिहिले, क्रमांक लिहिला, शिकवणीच्या वर्गाचे नाव लिहिले. फलक चढला तेव्हा गावातली एक म्हातारी, जिने उभ्या जन्मात गावच्या कितीतरी बायांची बाळंतपणे केली, ती काठी टेकीत आली आणि म्हणाली, "मास्तर, काय लिवलंया, वाचा की." आम्ही वाचून दाखविले. तिने ऐकून घेतले आणि विचारले, "मंग ह्यो शिकून हितं येनार का?"

वाचकहो, आम्हाला उत्तर देता आले नाही. एवढा मोठा मजकूर आम्ही लिहिला, पण म्हातारीने एका दमात विचारलेली गोष्ट त्यात कोठेच नव्हती. तोच प्रश्न आज आम्ही शेतकरी, कारागीर घरांपुढे मांडीत आहो.

मोठमोठी विद्यापीठे आपल्या माजी विद्यार्थ्यांची चरित्रे छापतात. अमका हृदयाचा तज्ज्ञ झाला, तमका परदेशी मोठ्या इस्पितळात आहे, तमकीने स्वतःचे इस्पितळ उभारले. त्यात वाईट काही नाही. मेहनतीने चढलेल्या माणसाचे कौतुक व्हावेच. परंतु ती चरित्रे वाचताना तो किती उंच चढला एवढेच डोळ्यांपुढे येते. शिडी कोणी धरली होती आणि वर चढून त्याने खाली हात दिला की नाही, हे त्यात क्वचितच सापडते.

शिडी कोणी धरली, हा प्रश्न आजचा नाही. १८८२ साली शिक्षणाच्या चौकशीसाठी हंटर कमिशन बसले, तेव्हा जोतीराव फुले यांनी आपले निवेदन त्यापुढे ठेवले. सरकारची तिजोरी रयतेच्या घामाने भरते आणि त्यातून निघालेला शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या थोड्या लोकांना मिळतो, असा त्यांच्या तक्रारीचा मथितार्थ होता. तेव्हा आपल्या घरचे मूल कॉलेजच्या दारात उभे राहणेच अवघड होते. आज ते आत जाते. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात मुलगा जी फी भरतो, त्याहून किती तरी अधिक खर्च सरकारी तिजोरीतून होतो. ती तिजोरी लहानमोठ्या खरेदीवर कर देणाऱ्यांनी भरलेली असते. शिवाय त्याला शरीर शिकविते कोण? सरकारी इस्पितळाच्या खाटेवर पडलेला गरीब रोगीच शिकवितो. त्याच्या दंडात सुई टोचून मुलाचा हात बसतो, त्याची छाती तपासून कान तयार होतो. तेव्हा पदवी एकट्याची कमाई नाही. ती उसनवारी आहे, आणि उसने परत करावे लागते हे कुणब्याला सांगावे लागत नाही.

हे उसने ज्यांनी फेडले अशा काही माणसांची ओळख आज करून देतो. ही माणसे कल्पनेतली नाहीत, त्यांची नावे सर्वांसमोर आहेत.

पहिले नाव आपल्या घरचेच. जोतीराव-सावित्रीबाईंनी दत्तक घेतलेला यशवंत डॉक्टर झाला. १८९७ साली पुण्यात प्लेगाने थैमान घातले. लोक घरेदारे टाकून पळत होते, सख्खा सख्ख्याला शिवत नव्हता. त्या वेळी यशवंतरावांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात रोग्यांसाठी दवाखाना चालविला आणि सावित्रीबाई रोगी आणून तेथे पोचवीत. मुंढव्याच्या एका अस्पृश्य मुलाला पाठीवर घालून आणताना त्यांनाच प्लेगाने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांनी देह ठेवला. मुलगा डॉक्टर झाला म्हणून आता आपण सुखाने बसावे, असे त्या माउलीला वाटले नाही. मुलाच्या विद्येला तिने आपली पाठ जोडली.

दुसरे नाव डॉक्टर रखमाबाईंचे. जन्म १८६४ साली मुंबईस, सुतार घराण्यात. अकराव्या वर्षी लग्न लागले. मोठेपणी त्या नवऱ्याच्या घरी नांदण्यास नाकबूल झाल्या, तेव्हा खटला उभा राहिला. १८८७ साली कोर्टाने, नवऱ्याकडे जा नाही तर सहा महिने तुरुंगात जा, असे फर्माविले, तेव्हा ही बाई तुरुंगास तयार झाली. पुढे पैसे देऊन तडजोड झाली. १८८९ साली त्या विलायतेस गेल्या, लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेत शिकल्या आणि १८९४ साली डॉक्टर झाल्या. विलायतेची विद्या घेऊन आलेली ही बाई सुरतेस आणि मग राजकोटास बायकांच्या इस्पितळात राबली. इस्पितळात बाळंत झाले तर जीव जातो, अशी भीती त्या वेळी बायकांत होती. ती घालविण्यासाठी त्यांनी एक गाभण शेळी इस्पितळात आणून तिची सोडवणूक करून दाखविली, असे सांगतात. लंडनहून आलेल्या डॉक्टरणीने बायांना अडाणी म्हणून हिणविले नाही. त्यांना समजेल अशा रीतीने समजाविले. १९५५ साली त्या वारल्या.

आता आपल्या काळाकडे येऊ. जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यात देहेड नावाचे खेडे आहे. तेथल्या गरीब शेतकरी घरात १९५१ साली हिम्मतराव बावस्कर जन्मले. मोलमजुरी करीत शिकले आणि नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाले. १९७६ साली नेमणूक झाली ती कोकणात, महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात. तेथे भाताच्या कामात, गवताच्या भाऱ्यात, घराच्या दगडाखाली लाल विंचू असे. तो चावला की धडधाकट माणूस घामाने न्हाऊन निघे, हातपाय गार पडत, छातीत पाणी होऊन जीव जाई. मुले तर पटापट जात. अशा गंभीर रोग्यांपैकी शंभरात पंचवीस-तीस दगावत. मोठमोठ्या पुस्तकांत ह्याचा नीट इलाज नव्हता, कारण विंचू गरिबालाच चावतो आणि पुस्तके लिहिणारे गरिबाच्या भाताच्या खाचरात उतरत नाहीत.

हा तरुण डॉक्टर रोग्याच्या उशाशी रात्र रात्र बसला. नाडी, रक्तदाब, श्वास ह्यांची नोंद वहीत करीत राहिला. विंचवाच्या विषाने रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदयावर असह्य भार पडतो, हे ध्यानी घेऊन त्याने 'प्राझोसिन' नावाचे रक्तदाबावरचे औषध वापरून पाहिले. ते लागू पडले. १९८२ साली विलायतेच्या 'लॅन्सेट' ह्या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात त्याची विंचूदंशावरील निरीक्षणे छापून आली. हे औषध नीट वापरू लागल्यावर मृत्यूचे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास उतरले. गोळी स्वस्त, कोणत्याही आरोग्य केंद्रात ठेवता येण्याजोगी. पुढे डॉक्टर बावस्करांनी पत्नी डॉक्टर प्रमोदिनी ह्यांच्यासह महाडलाच आपला दवाखाना थाटला. २०२२ साली त्यांना 'पद्मश्री' मिळाली. ध्यानात घ्या, हे संशोधन खेड्यात बसून झाले, आणि खेड्यात बसला म्हणूनच त्याला ते करता आले.

शेवटचे नाव जोडीने घ्यावयाचे: रजनीकांत आणि मेबल आरोळे. दोघेही वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन ते परत आले आणि १९७० साली दुष्काळी जामखेडला जाऊन बसले. हा तालुका तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला. तेथे त्यांच्या ध्यानी आले की निम्म्या रोगांची मुळे गढूळ पाण्यात, अर्ध्या भाकरीत आणि शिवाशिवीत आहेत. मग त्यांनी असे केले, जे करावयास मोठे मन लागते. आपली विद्या त्यांनी वाटून टाकली. गावोगावच्या बाया, त्यांतल्या कित्येक निरक्षर आणि दलित घरच्या, त्यांना बोलावून त्यांनी शिकविले. बाळंतपण स्वच्छ कसे करावे, हगवण लागलेल्या पोराला मीठसाखरेचे पाणी कसे पाजावे, क्षय आणि कुष्ठ कसा ओळखावा. ह्या बायांनी पुढे गावांचे आरोग्य पालटून दाखविले, आणि त्यांच्याकडून शिकावयास देशोदेशींचे डॉक्टर जामखेडला येऊ लागले. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००५ पासून गावोगाव ज्या 'आशा' ताया फिरतात, त्यांच्यामागचा विचार जामखेडच्या बायांनी आधीच खरा करून दाखविला होता.

ह्या सर्वांना सरसकट साधू समजून हात जोडू नका. हात जोडले की त्यांच्यासारखे वागण्याची जबाबदारी टळते. कोणी म्हणेल, "मास्तर, कर्ज काढून शिकविलेल्या पोराने खेड्यात धर्मादाय दवाखाना काढून उपाशी मरावे काय?" मुळीच नाही. डॉक्टराने संसार करावा, घर बांधावे, रास्त फी घ्यावी. सरकारनेही आपला वाटा उचलावा. आरोग्य केंद्राची जागा रिकामी, निवासाचे छप्पर गळके, कपाटात औषध नाही, अशा ठिकाणी एकट्या पोराला पाठवून त्याच्यावर रागावणे हा अन्याय आहे. सरकारी महाविद्यालयात शिकलेल्याकडून सरकार एक वर्षाच्या सेवेचे बंधपत्र लिहवून घेते. पण बंधपत्राने पाय गावात येतात, मन येत नाही. मन घडते ते घरी.

आणि येथेच आम्हाला आपल्या घरांना चार कडू शब्द सांगावयाचे आहेत. तो फलक लिहवून घ्यावयास आलेला बाप, फार भला माणूस, आम्हाला हसत हसत म्हणाला, "मास्तर, दोन एकर गेलं, पण लग्नात सव्याज वसूल करतो." आम्हीही हसलो. हसावयास नको होते. डॉक्टर नवऱ्याचा भाव आज आपल्याच जातीपातींत बैलबाजारासारखा ठरतो. हुंड्यास १९६१ च्या कायद्याने बंदी आहे, तरी तो मोटारीच्या, दवाखान्याच्या इमारतीच्या नावाने चालतो. ज्या मुलाने पहिली वसुली सासऱ्याकडून पाहिली, तो दुसरी वसुली रोग्याकडून करील, ह्यात नवल काय? सावकाराविरुद्ध आपले आजे-पणजे लढले. आपण घरातच सावकार पोसू लागलो.

दुसरे असे की त्याच घरात त्या मुलाची धाकटी बहीण आहे. अभ्यासात ती भावाहून पुढे. तिला बारावीनंतर घरी बसवावयाचे ठरले आहे, कारण पैसा मुलात गेला. रखमाबाईंचे नाव घेणाऱ्या आपल्या लोकांनी हे ऐकून घ्यावे. आणि परिचारिका, औषध देणारा, रक्त तपासणारा, आशाताई, ह्यांच्या नावाचा फलक वेशीवर कधी चढला आहे काय? रात्री दोन वाजता अडलेल्या बाईबरोबर गाडीत बसून तालुक्याला जाते ती आशाताई, आणि पेढे मात्र गुणपत्रिकेचे.

म्हणून आमची विनंती तीन गोष्टींची आहे. डॉक्टर होणाऱ्या मुलामुलींना गावाने नारळ द्यावा, तेव्हा वडीलधाऱ्यांनी चारचौघांत विचारावे, "बाळा, महिन्यातून एक दिवस गावाला देशील का?" दुसरी, डॉक्टर मुलाच्या बापाने लग्नात एक पैसा घेणार नाही, असे ग्रामसभेत बोलून दाखवावे, आणि मुलीच्या बापाने डॉक्टर जावयाचे शिक्षण विचारण्याआधी आपल्या मुलीचे शिक्षण पुरे करावे. तिसरी गोष्ट शाळांची, ती आम्ही स्वतः करणार आहो. आमच्या शाळेच्या भिंतीवर, गावच्या आरोग्यासाठी राबलेल्या माणसांची नावे लिहिणार आहो. पहिले नाव त्या म्हाताऱ्या दाईचे असेल. त्याखाली आशाताईंचे. त्याखाली एक ओळ मोकळी राहील.

फलकावरचा तो मुलगा काल शाळेत पाया पडावयास आला होता. म्हातारीचा प्रश्न आम्ही त्याला सांगितला. तो गप्प राहिला. मग म्हणाला, "गुरुजी, मला हे आजपर्यंत कोणी विचारलंच नव्हतं."

दोष त्याचा नव्हता. दोष विचारणारांचा होता. बंधुभगिनींनो, येत्या वर्षी तुमच्या वेशीवर फलक चढेल, तेव्हा हा प्रश्न विचारावयास विसरू नका.