अण्णा परत आले कसे?

मैत्रिणींनो, अण्णा नाईक मेले होते ना? मग परत आले कसे? आपल्या संभाजीनगरात मेथी निवडता निवडता हा प्रश्न किती घरांत चघळला गेला असेल, त्याला गणती नाही.

'रात्रीस खेळ चाले' ही झी मराठीवरची मालिका २०१६ साली सुरू झाली तीच मुळी अण्णांच्या मरणाने. सिंधुदुर्गातलं आकेरी गाव, नाईकांचा वाडा, आणि क्रियाकर्मासाठी जमलेली मुलंसुना. २०१९ च्या दुसऱ्या भागात कथा मागे गेली आणि अण्णा-शेवंता जिवंत दिसले. इथवर ठीक. पण २०२१ साली तिसऱ्या भागात दोघंही भुतं होऊन वाड्यात वावरू लागली, आणि मालिकेने जेवढं सांगितलं तेवढ्याने आम्हा बायकांचं काही समाधान होईना.

व्यवहाराचं कारण सोपं आहे. लोकांना आवडलेलं माणूस वाहिनी सुखासुखी मरू देत नाही. 'क्योंकि सास भी कभी बहू थी'मधला मिहीर आठवतो ना? तो गेला तेव्हा घरोघरी असा आकांत झाला की त्याला परत आणावंच लागलं. शेवंताचं तर भूतच बदललं! अपूर्वा नेमळेकर यांनी मालिका सोडली आणि त्यांच्या जागी कृतिका तुळसकर आल्या. भुताने चेहरा बदलला तर कोण आडवं येणार म्हणा!

पण आपल्या बायकांचे तर्क याहून कितीतरी खोल जातात. आमच्या सिडकोतल्या गल्लीत एकीचं ठाम मत, की वाड्यात काहीतरी पुरलेलं आहे, त्यावर अण्णांचा जीव अडकलाय. दुसरी म्हणाली, "दहाव्याला कावळा शिवला नसेल." हसू नका. पैठणला गोदाकाठी दशक्रियेला तुम्ही उभ्या राहिला असालच. पिंड ठेवलेला, कावळा लांबच बसलेला. मग जमलेले एकेक जण हात जोडून बोलू लागतात. "धाकटीचं लग्न आम्ही करू", "आईला अंतर देणार नाही". गेलेल्याचं काय राहिलंय, ते ओळखायचं आणि चारचौघांत कबूल करायचं. मालिकेपुढे बसून आपण तेच करतो की! अण्णांचं काय राहिलं असेल, हे ताडता ताडता आपल्या घरातलं काय राहिलंय तेही जिभेवर येतं.

आमच्या शेजारच्या काकूंचंच बघा. यजमान जाऊन वर्ष उलटलं होतं. संसार कसा झाला, याबद्दल इतक्या वर्षांत एक अक्षर त्यांनी काढलं नव्हतं. त्या दिवशी सगळ्यांचे तर्क ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "अण्णा परत आलेच नाहीत. ते गेलेच कुठे होते? असा माणूस मेला तरी घरातला धाक जात नाही. माई अजून हळूच बोलते, बघा तुम्ही." थोड्या वेळाने म्हणाल्या, "आमच्याकडेही त्या खुर्चीत अजून कुणी बसत नाही."

कुणीच काही बोललं नाही. मला वाटतं, मालिका लिहिणाऱ्यांनाही याहून चांगलं उत्तर सुचलं नसतं.

तेव्हा घरातल्या सासूबाई, मावशी रात्री मोबाईलवर जुने भाग लावून बसल्या आणि "हा का परत आला, सांगू?" म्हणाल्या, तर "अहो, खोटं असतं ते सगळं" असं म्हणून त्यांचं तोंड बंद करू नका. दोन मिनिटं बसा, "का बरं?" एवढंच विचारा. मात्र भास होतात, झोप लागत नाही, असं त्या सांगू लागल्या तर देवऋषी शोधत हिंडायचं नाही, सरळ डॉक्टरांकडे न्यायचं. आणि लहान मुलांना त्या वेळी तिथे बसवू नकाच. घाबरलीच तर अण्णा झालेल्या माधव अभ्यंकरांचा एखादा हसरा फोटो दाखवा, पांढरा रंग चेहऱ्याला कसा फासतात ते पावडरीचा डबा घेऊन करून दाखवा. आमच्या काकूंच्या नातवाला हा उपाय लागू पडला. दुसऱ्या दिवशी तोंडाला पावडर फासून तो आजोबांच्या खुर्चीत चढून बसला होता, आणि काकूंनी त्याला उठवलं नाही.