परीक्षकाची फी कोण देतो?

जंगल राखल्यामुळे एक टन कार्बन डायऑक्साइड हवेत जायचा वाचला, की एक कार्बन क्रेडिट जमा होते. ते विकत घेऊन कंपन्या आपल्या उत्सर्जनाची भरपाई झाल्याचे सांगतात. अशा क्रेडिटचा मोठा हिस्सा अमेरिकेतील ‘व्हेरा’ या संस्थेच्या मानकांनुसार प्रमाणित होतो. कार्बनच्या हिशेबासाठी जंगलाच्या नमुना तुकड्यांतल्या झाडांच्या बुंध्याला जमिनीपासून १.३ मीटरवर टेप लावून घेर मोजतात, उपग्रहचित्रे ताडून पाहतात. हा भाग सोपा. खरी गोम आहे आधाररेषेत. जंगल राखण्याचा प्रकल्प नसता तर त्यातले किती तुटले असते? न झालेली तोड कोणत्याही टेपने मोजता येत नाही. हा अंदाज वर्षानुवर्षे प्रकल्पवालेच मांडत आले. तो जितका भयंकर, तितकी क्रेडिट जास्त. त्यावर शिक्कामोर्तब करणारा परीक्षकही त्यांनीच नेमलेला, फीही त्यांचीच!

ऑगस्ट २०२३ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या अभ्यासाने सहा देशांतले २६ प्रकल्प तपासले. अपेक्षित क्रेडिटपैकी जेमतेम ६ टक्क्यांमागे खरी घट आढळली. क्रेडिट घेणाऱ्याच्या धुराड्यातला धूर मात्र पुरेपूर खरा असतो. त्याच वर्षी व्हेराने नवी पद्धत आणली. त्यानुसार जंगलतोडीच्या जोखमीची आकडेवारी प्रकल्पवाल्यांऐवजी व्हेरा पुरवणार. पाऊल योग्य, पण अर्धे. परीक्षकाची नेमणूक आणि फी प्रकल्पवाल्यांच्या हातून काढून स्वतंत्र निधीकडे सोपवावी. जुन्या आधाररेषेवरची क्रेडिट फेरतपासणीशिवाय विकू देऊ नयेत.