गोष्ट बिजागरीत होती

मागचा लेख वाचून एका वाचकाने कळवलं: ‘अनदर कोड’ हा खेळ निन्टेन्डोच्या स्विच कन्सोलवर नव्याने आलाय, चित्रं आधीपेक्षा देखणी आहेत, गोष्ट तीच आहे, मग तुमची तक्रार नेमकी काय? असं विचारणारे ते एकटे नाहीत. हातात धरून खेळायच्या कन्सोलवरचे गोष्टीरूप साहसी खेळ म्हटलं की कोणीतरी हे बोलतंच, आणि दर वेळी माझा संताप होतो. म्हणून आज सविस्तर उत्तर देतो. गोष्ट तीच नाही. पात्रं तीच आहेत, बेट तेच आहे, रहस्यही बरंचसं तेच आहे. पण गोष्ट ज्या जागी घडत होती ती जागाच नव्या खेळात उरलेली नाही.

निन्टेन्डो डीएस या दोन पडद्यांच्या, मिटणाऱ्या यंत्रावरचा २००५ चा मूळ खेळ काढून बघा. ॲश्ली नावाची मुलगी चौदाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी ब्लड एडवर्ड बेटावर येते. जो बाप मेला असं तिला वाटत होतं तो तिथे आहे, असं तिला कळलेलं असतं. बेटावर तिला एका मुलाचं भूत भेटतं. आपण कोण होतो हेच तो विसरून गेलाय. खेळात एका ठिकाणी वरच्या पडद्यावर एक चित्र येतं आणि खालच्या पडद्यावर दुसरं. खालचा पडदा टचस्क्रीन, म्हणून आपण स्टायलसने टोचत, घासत बसतो. काही होत नाही. सगळी बटणं दाबून होतात, तरी काही होत नाही. मग हात जरा ढिले पडतात, यंत्र मिटायला लागतं, आणि अर्धवट मिटलेल्या त्या अवस्थेत वरच्या पडद्याचं प्रतिबिंब खालच्या काचेवर उमटतं. दोन चित्रांचं एक चित्र होतं. हे कोडं पडद्यावर सुटतच नाही. ते बिजागरीच्या कोनात सुटतं, खेळणाऱ्याच्या मनगटात सुटतं.

शिवाय ॲश्लीच्या हातात गोष्टीतही एक यंत्र आहे. बापाने पाठवलेलं ते यंत्र दिसायला थेट निन्टेन्डो डीएससारखं. म्हणजे तिच्या हातात जे, तेच आपल्या हातात. जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या ‘अनदर कोड: रिकलेक्शन’मध्ये ते स्विचसारखं दिसतं. स्विचला पडदा एकच आणि तो मिटत नाही, त्यामुळे कोडी नव्याने रचावी लागली. ती वाईट नाहीत. मूळ चमूतली काही माणसं या रिमेकवरही होती आणि त्यांनी मनापासून काम केलंय, हे दिसतं. पण ज्या क्षणी खेळाने तुमच्या हातातली वस्तूच गोष्टीत ओढून घेतली होती, तो क्षण नव्या खेळात येऊच शकत नाही.

आता मला सर्वांत बोलकी वाटणारी तुलना. ‘एस अटर्नी’ आणि ‘हॉटेल डस्क’.

कॅपकॉमचा ‘एस अटर्नी’ मूळचा २००१ चा, गेम बॉय ॲडव्हान्सवरचा. पडदा एक, बटणं मोजकी. लेखक-दिग्दर्शक शु ताकुमी यांनी सगळी ताकद लावली ती वाक्यांवर आणि वाक्यांमधल्या थांब्यांवर. साक्षीदार खोटं बोलतो, वकील टेबलावर हात आपटतो, मजकूर क्षणभर अडतो आणि पडदाभर हरकतीचा फुगा उमटतो. या नाट्याला पडदा कोणताही चालतो. म्हणून तो खेळ डीएसवर गेला, फोनवर गेला, थ्रीडीएसवर गेला, २०१९ मध्ये तीन भाग एकत्र होऊन टीव्हीसमोरच्या कन्सोलवर आणि संगणकावर गेला, आणि कुठेही त्याचं फारसं बिघडलं नाही. पाण्यासारखा तो भांड्याचा आकार घेतो.

‘हॉटेल डस्क’ २००७ चा, डीएसवरचा. ‘अनदर कोड’ करणाऱ्या फुकुओकाच्या सिंग या लहानशा कंपनीचाच. २८ डिसेंबर १९७९ ची रात्र, नेवाडाच्या वाळवंटातलं एक कळकट हॉटेल, आणि काइल हाइड नावाचा माजी पोलीस. आता तो फिरता विक्रेता आहे आणि ज्याच्यावर त्याने स्वतः गोळी झाडली त्या जुन्या सहकाऱ्याला शोधतोय. हा खेळ यंत्र आडवं करून, पुस्तकासारखं उघडून धरायचा असतो. डावखुऱ्यांसाठी बाजू बदलायचीही सोय आहे. आणि आता हे नीट बघा: संवाद सुरू झाला की एका पडद्यावर काइल आणि समोरच्या पडद्यावर दुसरा माणूस. चेहरे पेन्सिलीने रेखाटल्यासारखे, काळे-पांढरे, रेषा सतत थरथरणाऱ्या. मध्ये बिजागरी. दोघं त्या फटीच्या दोन्ही बाजूंनी एकमेकांकडे बघत बोलतात. काइल खोचक बोलला की समोरचा मान फिरवतो आणि ती मान फिरलेली आपल्याला आपल्या दुसऱ्या हातात दिसते. मी रहस्यकथा भरपूर वाचल्या आहेत, पण उलटतपासणीत दोन माणसांमधलं अंतर इतकं अंगावर आलेलं मला दुसरीकडे आठवत नाही.

खेळात एक वही आहे, तिच्यात स्टायलसने आपणच टिपणं काढायची. प्रकरण संपलं की काइल स्वतःलाच प्रश्न विचारतो: आज काय कळलं, कोण काय म्हणालं? उत्तरं आपण द्यायची. एका लहान मुलीचं जिगसॉ जुळवायला मिळतं. मागच्या बाजूला काहीतरी लिहिलंय हे कळतं, पण ते उलटायचं कसं? यंत्र मिटायचं आणि पुन्हा उघडायचं. पुस्तक मिटावं तसं. त्या एका कृतीने अख्खा खेळ हातात पालथा होतो.

हा खेळ आज चालू असलेल्या कोणत्याही कन्सोलवर अधिकृतपणे विकत मिळत नाही.

दोन्ही खेळ थोर आहेत. पण यंत्र कमी वापरणारा खेळ टिकला आणि यंत्र पुरतं वापरणारा अडकून पडला. जो लेखक माध्यमाला शेवटपर्यंत भिडला त्याचंच काम सर्वांत आधी हरवतं, ही मला या सगळ्या वारशातली सर्वांत वेदनेची गोष्ट वाटते. ‘एस अटर्नी’मध्येसुद्धा याचा पुरावा आहे. पहिला भाग डीएसवर आणताना कॅपकॉमने त्यात पाचवा खटला नव्याने घातला. त्यात बोटांचे ठसे घ्यायला पावडर टाकायची आणि मायक्रोफोनवर फुंकर मारायची. पावडर उडते, ठसा उमटतो. पुढच्या काही आवृत्त्यांत फुंकरीच्या जागी बटण आलं. बाकी चार खटल्यांना काही झालं नाही. खरचटला तो फक्त डीएससाठी लिहिलेला.

तिसरं उदाहरण ‘९९९’चं. कोतारो उचिकोशी यांचा हा खेळ जपानमध्ये २००९ च्या अखेरीस आला. वरच्या पडद्यावर पात्रांचं बोलणं, खालच्या पडद्यावर निवेदन. खेळणारा तासन्‌तास हे नुसती मांडणी म्हणून वाचत राहतो आणि शेवटी कळतं, की दोन पडदे का होते हाच खेळाचा गाभा. २०१७ च्या नव्या आवृत्तीत एकाच पडद्यावर दोन वेगळ्या वाचनपद्धती देऊन ही अडचण सोडवली आहे. माहिती पोचते, धक्का निम्मा होतो.

माझं जुनं म्हणणं नियमित वाचकांना पाठ आहे, तरी ते पुन्हा सांगतो, कारण ते मला खरंच वाटतं. या खेळांनी एका पिढीला सावकाश वाचायला शिकवलं. ज्यांनी शाळेच्या वयात ‘हॉटेल डस्क’ किंवा ‘एस अटर्नी’ पुरता खेळला, त्यांच्यापैकी मला भेटलेली मंडळी आजही जाडजूड कादंबरी हातात धरून बसतात. हे काही मोजमाप नाही, माझा अनुभव आहे, आणि मी त्यावर ठाम आहे. अडकणं हा त्या शिक्षणाचा भाग होता. ‘रिकलेक्शन’मध्ये पुढे कुठे जायचं ते दाखवणारी सोय आणि कोड्यांसाठी सूचना दिल्या आहेत. हव्या तर लावा, नको तर बंद ठेवा. मी बंद ठेवायला सांगेन. अडकलेल्या माणसालाच यंत्राकडे वस्तू म्हणून बघावंसं वाटतं. तो ते फिरवतो, मिटतो, फुंकतो. बाण दिसणारा माणूस फक्त चालत राहतो.

सिंग मार्च २०१० मध्ये दिवाळखोरीत गेली. ‘हॉटेल डस्क’चा पुढचा भाग ‘लास्ट विंडो’ जपानमध्ये त्याआधी जानेवारीत आला होता. युरोपात तो सप्टेंबरमध्ये, म्हणजे कंपनी बुडाल्यावर पोचला, आणि अमेरिकेत कधी निघालाच नाही. पाडायला काढलेल्या इमारतीतून घर सोडावं लागणाऱ्या काइलची ती गोष्ट. त्यात खेळत जाल तसतशी एक कादंबरी प्रकरणाप्रकरणाने लिहिली जाते आणि तुम्ही कसे वागलात त्याप्रमाणे तिचा मजकूर थोडा बदलतो. तीही आता जुन्या कार्ट्रिजपुरतीच उरली आहे. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये केलेल्या अभ्यासानुसार अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात उपलब्ध नाहीत. त्यातले बरेच खेळ नुसते विस्मरणात गेले असतील. पण सिंगचे हे दोन खेळ लोकांना आठवतात, हवे आहेत, आणि तरी ते मिळत नाहीत.

तेव्हा पत्र लिहिणाऱ्या त्या वाचकाला आणि तुम्हा सगळ्यांना एक विनंती. आपल्याकडे डीएस बहुतेक घरांत परदेशातून येणाऱ्या काका-मामांच्या बॅगेतून आला आणि नंतर कपाटात गेला. तो बाहेर काढा. बॅटरी फुगली असेल तर चार्ज करू नका, नवी घाला. डीएस लाइटमध्ये त्यासाठी एकच स्क्रू काढावा लागतो. भंगारात देऊ नका आणि बिजागरी सैल झाली म्हणून टाकूनही देऊ नका. हे खेळ ज्याच्यासाठी लिहिले गेले ते यंत्र तुमच्याकडे आहे. घरातल्या एखाद्या मुलाच्या हातात ते ‘हॉटेल डस्क’सकट द्या, आणि तो अडकला तर त्याला उत्तर सांगू नका.