एररचं तोंड बंद करू नका

आरमध्ये पीसीए, म्हणजे प्रिन्सिपल कंपोनंट अ‍ॅनालिसिस चालवताना टेबलात शब्दांचा एखादा कॉलम राहिला की ते अडून बसतं: ‘एक्स मस्ट बी न्यूमेरिक’. मग शेजारच्या खुर्चीवरून हमखास सल्ला येतो, ‘फॅक्टर कर, अ‍ॅज डॉट न्यूमेरिक लाव, चालेल.’ खरंच चालतं. माझं भांडण त्या ‘चालतं’शीच आहे.

पाणी कुठून आणता, या प्रश्नाची उत्तरं घ्या. इंग्रजीत नोंदवली की आर ती अक्षरक्रमानं लावतं: हँडपंप 1, रिव्हर 2, टँकर 3, टॅप 4, वेल 5. पीसीएला अर्थ कळत नाही. कळते ती सरासरी आणि तिच्यापासूनचं अंतर. अर्धं गाव हँडपंपावर, अर्धं विहिरीवर असेल तर सरासरी 3. म्हणजे टँकर! तीच उत्तरं मराठीत नोंदवा: टँकर 1, नदी 2, नळ 3, विहीर 4, हातपंप 5. आता अर्धं गाव टँकरवर, अर्धं हातपंपावर असेल तर सरासरी नळ. इतक्या स्वस्तात नळ कुठल्या सरकारी योजनेनंही दिला नसेल. गाव तेच, घरं तीच. भाषा बदलली आणि हिशेब फिरला.

हा पोरखेळ नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातला संपत्ती निर्देशांक पीसीएनंच काढतात आणि त्यावरून लोकांचे पाच गट पाडतात. तिथे निदान प्रत्येक पर्यायाचा हो-नाही असा वेगळा कॉलम करतात. त्यावरही कोलेनिकोव्ह आणि अँजेलेस यांनी 2009 मध्ये आक्षेप घेतला: एकाच प्रश्नाचे कॉलम एकमेकांना बांधलेले असतात आणि पर्यायांमधला क्रम हरवतो.

‘पण शिक्षणाला क्रम असतो ना?’ असतो, पण तो आपण सांगायचा. अक्षरक्रमानं ग्रॅज्युएट प्रायमरीच्या खाली जातो.

क्रमच नसलेल्या शब्दांसाठी मल्टिपल करस्पॉन्डन्स अ‍ॅनालिसिस आहे. शब्द आणि आकडे मिसळलेले असतील तर एफएएमडी. दोन्ही फॅक्टोमाइनआर पॅकेजमध्ये फुकट मिळतात, एकेका ओळीत चालतात. डेडलाइनची सबब इथे टिकत नाही.

एररनं साधा प्रश्न विचारला होता: या शब्दांमधलं अंतर किती? उत्तर आपण द्यायचं. ते टाळलं, तर कुणाचं घर गरीब हे वर्णमाला ठरवेल.