४ फेब्रुवारीची दुसरी गोष्ट

४ फेब्रुवारी ही भिलाईच्या अभिमानाची तारीख. सोव्हिएत सहकार्याने उभारलेल्या तेथील पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन १९५९ साली याच दिवशी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले.

वाचकहो, पुढे दोनच वर्षांनी, ४ फेब्रुवारी १९६१ रोजी, सोव्हिएत संघाने शुक्राकडे आपले पहिले यान सोडले. अग्निबाणाने ते पृथ्वीच्या कक्षेत नेले. परंतु तेथून त्याला शुक्राच्या वाटेला लावणारा चौथा टप्पा पेटलाच नाही. त्याच्या वीजपुरवठ्यातील एक परिवर्तक अंतराळाच्या निर्वातात निकामी झाला होता. जगाला मात्र एवढेच कळविण्यात आले की, ६,४८३ किलो वजनाचा ‘जड उपग्रह’ यशस्वीपणे कक्षेत गेला आहे. शुक्राचा उल्लेखही नव्हता.

नाव बदलल्याने अपयश झाकले जाते, दोष मात्र जात नाही. तो अभियंत्यांनाच हुडकून काढावा लागला. १२ फेब्रुवारीला व्हेनेरा-१ निघाले, तेव्हा चौथा टप्पा पेटला आणि यान शुक्राच्या मार्गाला लागले. पुढे वाटेत त्याचाही संपर्क तुटला. अशी अनेक याने खर्ची पडल्यावर १५ डिसेंबर १९७० रोजी व्हेनेरा-७ ने शुक्राच्या पृष्ठभागावरून संदेश धाडले.

मुलांकडून आपण यशाच्या तारखा पाठ करून घेतो. त्यांच्या जोडीला न पेटलेल्या टप्प्याची ही तारीखही त्यांना सांगावी. विझलेली भट्टी घोषणेने पेटत नाही, दोष सापडला तरच पेटते.