आधी कीर्द, मग पडदा

लिनक्सवर घरखर्चाचा हिशेब ठेवणारा छोटा प्रोग्रॅम लिहायला घेतलेली तरुण मंडळी मला अधूनमधून भेटतात. बहुतेकांनी सुरुवात पडद्यापासून केलेली असते: रंगीत वर्तुळं, महिन्यांचे आलेख. मी त्यांना आधी टर्मिनल उघडून पायथनमध्ये ०.१ अधिक ०.२ करून बघायला सांगतो. उत्तर येतं ०.३०००००००००००००००४. आपल्या दशमान पद्धतीत एक तृतीयांश जसा कधीच पुरता लिहून होत नाही, तसा द्विमान पद्धतीत एक दशांश होत नाही. म्हणून रक्कम अपूर्णांकात साठवायचीच नाही. सगळं पैशांत, पूर्णांकात ठेवायचं. १२५ रुपये ५० पैसे म्हणजे १२५५०. रुपये दिसावेत ते फक्त पडद्यावर, लाख-कोटींचे स्वल्पविराम आपल्या पद्धतीने देऊन.

दुसरी चूक याहून महाग पडते. एटीएममधून ५००० काढले, प्रोग्रॅमने ते खर्चात धरले. संध्याकाळी त्यातूनच ८०० चा किराणा भरला, तोही खर्चात गेला. तेच ८०० दोनदा मोजले गेले आणि महिनाअखेरीस आकडे जुळेनात. दुकानाच्या गादीवर बसलेल्या मुनीमजींनी ही चूक केली नसती. त्यांच्या वहीत प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू असत: जमा आणि नावे. बँक खात्यातून ५००० गेले, रोख खात्यात ५००० आले, खर्च शून्य. मग रोख ८०० ने कमी, किराणा खात्यावर ८००. लुका पाचोलीने १४९४ मध्ये व्हेनिसला छापलेल्या गणिताच्या ग्रंथात ही दुहेरी नोंद सांगितली, आणि आज जीएनयूकॅश हे हिशेबाचं सॉफ्टवेअरही तिच्यावरच चालतं. रॉबिन क्लार्कने १९९७ मध्ये एक्स-अकाउंटंट या नावाने सुरू केलेल्या कामातून ते वाढलं.

कोडात उतरवायला ही दुहेरी नोंद अवघड नाही. एसक्यूलाइटमध्ये तीन तक्ते पुरतात: खाती, व्यवहार, आणि व्यवहाराच्या बाजू. एका व्यवहाराच्या सगळ्या बाजूंची बेरीज शून्य आली नाही, तर नोंद स्वीकारायची नाही. ही एक अट नीट पाळली तर अर्धा प्रोग्रॅम बिनचूक झाला असं मी मानतो.

आणि नोंद खोडण्याचं बटण ठेवूच नका, हे माझं ठाम मत आहे. कीर्दीत, म्हणजे रोजच्या नोंदवहीत, खाडाखोड चालत नसे. चूक झाली तर उलट नोंद घालायची, दोन्ही ओळी दिसत राहायच्या. घरात नवरा-बायको एकच हिशेब बघत असतील तर याचं मोल फार आहे. मागच्या मंगळवारचा आकडा कुणी, केव्हा, का बदलला, हे विचारावं लागत नाही.

मेनूतले शब्दही आपलेच ठेवा. रोजकीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद. हे चार शब्द माझ्या पिढीने वाणिज्य शाखेत घोकले आहेत. त्यांच्या जागी ‘जर्नल’ आणि ‘लेजर’ लिहिण्याचं मला कारण दिसत नाही.

ज्यांना फक्त हिशेब हवा आहे, प्रोग्रॅम लिहायचा नाही, त्यांनी होमबँक हे तयार सॉफ्टवेअर बसवावं. हलकं आहे, तासाभरात हात बसतो.

लिहिणाऱ्यांना मात्र एक विनंती. मायक्रोसॉफ्टने ‘मनी’ या हिशेबाच्या सॉफ्टवेअरची विक्री २००९ मध्ये थांबवली, तेव्हा वर्षानुवर्षांचे हिशेब दुसरीकडे हलवण्याचा प्रश्न लोकांपुढे उभा राहिला. जॉन विगलीने २००३ मध्ये लिहिलेलं ‘लेजर’ हे सॉफ्टवेअर मात्र नोंदी साध्या मजकुराच्या फाइलीत ठेवतं. प्रोग्रॅम नसला तरी ती कुठल्याही संपादकात वाचता येते. तुमच्या प्रोग्रॅमलाही पहिल्या दिवसापासून सगळ्या नोंदी अशा साध्या मजकुरात बाहेर काढायची सोय द्या, आणि ती फाइल दर रविवारी पेनड्राइव्हवर घ्या.