लॅपटॉपचा सातबारा

बी.कॉम.ला आम्हांला सेल ऑफ गुड्स ॲक्ट, १९३० होता. त्याचं चौथं कलम सांगतं की, किंमत घेऊन मालाची मालकी विकणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे गेली म्हणजे विक्री झाली. चौदावं कलम त्याच्याही पुढं जातं. घेणाऱ्याला त्या वस्तूचा सुखानं उपभोग घेता येईल, असं विकणाऱ्यानं न बोलता दिलेलं वचन असतं म्हणे. कायदा इंग्रजांचा. देश त्यांनी विकत न घेताच वापरला तो भाग वेगळा, पण विकलेली वस्तू आपली राहत नाही एवढं त्यांना कळत होतं. आजच्या लॅपटॉप कंपन्यांना तेवढंही कळत नाही. किंवा फार चांगलं कळतं.

माझ्या टेबलासमोर रोज एखादा तरी शेतकरी सातबारा घेऊन बसलेला असतो. पीककर्ज दिलं की सातबाऱ्यावर बँकेचा बोजा चढतो. कर्ज फिटलं की बोजा उतरवायचं पत्र आम्ही देतो. त्या पत्राला दोन दिवस उशीर झाला तर शेतकरी आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो, आणि त्याचं चुकत नाही. पैसे पुरते फिटल्यावरही बोजा कायम ठेवायचा, ही युक्ती आमच्या बँकेलासुद्धा कधी सुचली नाही. ती कंपनीला सुचली.

कन्येच्या कॉलेजसाठी बेचाळीस हजार मोजून लॅपटॉप घेतला. रोख. एक पैसा बाकी नाही. तीन वर्षांनी, ऐन मे महिन्यात, त्याची बॅटरी फुगली. आमच्या भडगावात मे महिन्यात माणसं सुकतात आणि बॅटऱ्या फुगतात. लिथियमची बॅटरी म्हातारी झाली की आत वायू धरते, आणि उन्हाळा तिला म्हातारपण लवकर आणतो. खालून पुरी फुगावी तसा टचपॅड वर आला. वॉरंटी अर्थातच संपलेली. वॉरंटीला बिघाडाची चाहूल फार आधी लागते.

फोन लावला. यंत्रातल्या बाई म्हणाल्या, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. महत्त्वाच्या कॉलला पंचवीस मिनिटं संगीत ऐकवण्याची त्यांच्यात पद्धत असावी. मग खरी मुलगी आली. बिचारी गोड बोलत होती. म्हणाली, "सर, लॅपटॉप सुरू करून तपासणीचा प्रोग्राम चालवा." मी म्हटलं, "बाई, तो सुरू होत नाही म्हणून तर फोन केलाय." ती म्हणाली, "ओके सर. सुरू झाल्यावर चालवा."

सेवाकेंद्र कुठं? नाशिकला. खर्च? बॅटरी सुटी मिळत नाही, वरचं झाकण, कीबोर्ड आणि बॅटरी असा जोड येतो. अठरा हजार. म्हणजे बैलाची नाल पडली तर बैलच बदला, आणि नवा बैल नाशिकहून आणा!

मी गल्लीतल्या घड्याळजीकडे गेलो. त्यांनी यंत्र उलटंपालटं करून पाहिलं. "साहेब, हाई बी घड्याळच शे, फक्त सेल मोठा शे." दहा स्क्रू दिसत होते, अकरावा रबरी पायाखाली लपवलेला. तो लपवलाच का, असा प्रश्न मला पडला. घड्याळजींना पडला नाही. झाकण निघालं. आतली बॅटरी चार स्क्रूंवर आणि एका पिनेवर बसलेली. झाकणाशी, कीबोर्डशी तिचं काही नातं नाही! अंगावर नंबर छापलेला. तो घेऊन पुन्हा फोन.

"सर, हा नंबर आपल्याला कसा कळला?" जणू मी तिची डायरी वाचली होती.

"बॅटरीवर लिहिलाय. ही मला विकत द्या."

"सर, ग्राहकाला आम्ही बॅटरी विकत नाही."

"मग कोणाला विकता?"

"अधिकृत तंत्रज्ञांना."

"मग त्यांच्याकडून घेतो."

"ते विकत नाहीत सर. ते फक्त बसवतात."

कारण विचारलं तर सुरक्षितता. बॅटरी धोकादायक असते. असते, मान्य. फुगलेल्या बॅटरीला टोचायचं नाही, दाबायचं नाही, हे मलाही कळतं. पण हीच वस्तू तीन वर्षं पोरीच्या मांडीवर ठेवायला सुरक्षित होती, आणि हातात घ्यायला धोकादायक! आणि खरी बॅटरी, सोबत एक सूचनेचा कागद, असं विकलंत तर माणूस बाजारातली बिननावाची बॅटरी कशाला आणील? धोका कोण वाढवतंय?

गिरणेच्या काठी ऊस, केळी उभी असताना विहिरीवरची थ्री-फेज मोटार जळते. ती लॅपटॉपच्या कितीतरी पट धोकादायक. शेतकरी ती मोटारसायकलला बांधून गावात आणतो, वाइंडिंगवाला तांब्याची तार काढून नवी भरतो, मोटार पुन्हा पाण्यावर. मोटार कंपनीनं कधी म्हटलं नाही की, आमची तार आमचेच लोक भरतील, तोवर केळी वाळू द्या.

आता तुम्ही म्हणाल, कारकुनानं लोण्याच्या गोळ्याएवढी तक्रार डोंगराएवढी केली. पण मोठ्यांचीही हीच तक्रार होती. २०१४ साली स्पर्धा आयोगानं चौदा मोटार कंपन्यांना अडीच हजार कोटींच्या वर दंड ठोठावला तो याचसाठी, की सुटे भाग त्या खुल्या बाजारात मिळू देत नव्हत्या. तिथंही कंपन्यांनी सुरक्षिततेचंच कारण पुढं केलं होतं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जुलै २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, ग्राहक दिनी, पोर्टल काढलं. चांगलं केलं. पण पोर्टल म्हणजे माहिती. माहितीनं स्क्रू निघतो, बॅटरी मिळत नाही. युरोपवाल्यांनी २०२३ साली बॅटऱ्यांचा कायदाच केला. १८ फेब्रुवारी २०२७ ही तारीख घालून दिली, की त्यानंतर अशा उपकरणांची बॅटरी, काही अपवाद सोडता, वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता आली पाहिजे. म्हणजे जर्मनीतल्या माणसाला जे झेपतं, ते भडगावातल्या माणसाला झेपणार नाही असं या कंपन्यांचं म्हणणं आहे काय?

मी कंपनीला रीतसर पत्र धाडलं आहे, आमच्या बँकेच्या थकबाकीच्या नमुन्यात. "विषय: बोजा कमी करणेबाबत. सदर लॅपटॉपची संपूर्ण किंमत आपणांस पावली असून आपली कोणतीही येणे बाकी नाही. तरी सात दिवसांत बॅटरी योग्य किमतीत द्यावी, अन्यथा सदर वस्तू आपण आम्हांस विकली नसून भाड्याने दिली होती असे लेखी कळवावे."

चौथ्या दिवशी मोबाईलवर उत्तर आलं. आपली तक्रार समाधानकारकरीत्या सोडवून बंद करण्यात आली आहे. अकरा स्क्रू सौभाग्यवतींच्या कुंकवाच्या रिकाम्या डबीत आहेत. डबीवर मी तारीख घातली आहे.